अद्भुताच्या मुलखात बंदुकीचा प्रवेश

चारपाच मित्रांनी एका मेजाभोवती बसावे, त्यांतील एकाने सूत्रधार होऊन एका कल्पित राज्याचे वर्णन करावे, इतरांनी त्या राज्यातील योद्धा, मांत्रिक, चोर वा पुजारी यांची सोंगे घेऊन त्यांच्या तोंडून बोलावे, आणि प्रसंग बिकट आला म्हणजे त्याचा निवाडा फाशांवर सोपवावा, अशा खेळाचा प्रघात आता आपल्या शहरांतूनही पडू लागला आहे. या प्रकाराचा आद्य ग्रंथ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत गॅरी गिगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी सिद्ध केला. त्यानंतर या पठडीतील शेकडो खेळ निघाले, नियमांची पुस्तके पुनःपुन्हा सुधारून छापली गेली, आणि तरीही एक वाद आरंभापासून आजतागायत मिटलेला नाही. तो असा की, जेथे तलवार आणि मंत्र यांचे राज्य आहे अशा अद्भुताच्या मुलखात बंदूकधारी पात्रास प्रवेश द्यावा की नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील तुळिंजसारख्या दाट वस्तीत जी तरुण मंडळी हा खेळ मांडू इच्छितील, त्यांच्या पश्चिमेस प्राचीन शूर्पारक बंदराची भूमी आहे, वायव्येस वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे, आणि दक्षिणेस तीनचार कोसांवर वसईचा तो किल्ला उभा आहे, ज्याच्या तटाखाली १७३९ साली दारूने इतिहासाची दिशा बदलली. बंदुकीने अद्भुत नासते असे म्हणणारे आणि बंदूक म्हणजे केवळ अधिक जोरकस धनुष्य असे मानणारे, हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात असे मला वाटते. बंदूक हे एकट्याने चालवायचे शस्त्र नव्हे. तिच्यामागे दारू, तोडा, कारखाना, ऋतू आणि रोजमुरा असा सारा सरंजाम उभा असतो. हा सरंजाम तिच्याबरोबर खेळात आणला, तर अद्भुताची हानी न होता ते अधिक भरीव होते; तो बाहेर ठेवला, तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते.

प्रथम या वादाची थोडी पूर्वपीठिका पाहू. गिगॅक्स यांच्या स्वतःच्या खेळातच हा पेच उभा राहिला होता. त्यांचे बालमित्र आणि प्रकाशनसंस्थेतील भागीदार डॉन के यांचे मर्लिंड नावाचे पात्र होते. के यांना अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांच्या कथांची ओढ असल्याने या पात्राच्या कमरेला दोन पिस्तुले आली. ग्रेहॉक या कल्पित जगात दारूचे शस्त्र चालणार नाही असा गिगॅक्स यांचा दंडक होता. म्हणून त्यांनी तोड काढली ती अशी की, मर्लिंडची पिस्तुले ही वस्तुतः मोठा आवाज करणाऱ्या जादूच्या कांड्या आहेत असे समजावे. मित्राची हौस राखली गेली आणि दंडकही अबाधित राहिला. पुढे १९८९ च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीत तोड्याची बंदूक शस्त्रांच्या यादीत आली, परंतु सूत्रधाराच्या अनुमतीच्या अटीवर. ‘पाथफाइंडर’ या खेळाने २०११ साली बंदूकबाजाचा स्वतंत्र वर्गच निर्माण केला, त्याची गोळी जवळून चिलखतास जुमानणार नाही असे ठरवले आणि बंदूक अडण्याचा धोकाही त्याच्या पदरी बांधला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत सूत्रधाराच्या पुस्तकात पिस्तूल आणि मस्केट यांचे आकडे दिले आहेत, मात्र ते ऐच्छिक म्हणून. अशा रीतीने २०१४ पर्यंत बंदूक घरात आली खरी, पण तिला सदरेवर बसण्याचा मान तोवर निर्वेध मिळाला नव्हता.

बंदुकीस विरोध करणाऱ्यांचा पहिला आक्षेप कालविसंगतीचा असतो. चिलखतधारी सरदार आणि बंदूक यांचे युग वेगळे, असे ते म्हणतात. इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. युरोपात तोफेचा वापर चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता, आणि डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्यांनी मढवलेला जो वीर या खेळांच्या मुखपृष्ठांवर दिसतो त्याचे चिलखत पंधराव्या शतकातले, म्हणजे तोफेहून अलीकडचे आहे. आपल्याकडे तर ही विसंगती मुळीच संभवत नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला तेव्हापासून १७३९ पर्यंत, दोनशे वर्षे, या किनाऱ्यावर भाला, तलवार, धनुष्य, बाण, तोड्याची बंदूक आणि पितळी तोफ ही सारी हत्यारे एकाच वेळी नांदत होती, आणि त्यांच्या शेजारी नवससायास, शकुन, दैवी कौल यांवरील श्रद्धाही तितकीच जागृत होती. मराठ्यांनी वसई फत्ते केल्यावर त्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधून नवस फेडला, ही परंपरा आजही त्या प्रांतात सांगितली जाते. दारू आणि दैवत एकाच मोहिमेत सुखाने राहू शकतात याला याहून निराळा पुरावा कशाला हवा?

दुसरा आक्षेप समतोलाचा. बंदूकधारी आला की इतर पात्रे निष्प्रभ होतील, ही भीती. येथे आकडेच तपासून पाहावेत. २०१४ च्या नियमांत लांब धनुष्याचा बाण आठ बाजूंच्या फाशाइतकी इजा करतो, म्हणजे सरासरी साडेचार. मस्केटची गोळी बारा बाजूंच्या फाशाइतकी, म्हणजे सरासरी साडेसहा. एवढ्यावरून बंदूक वरचढ वाटते. परंतु धनुष्याचा सहज पल्ला १५० फूट, तर मस्केटचा अवघा ४० फूट. आणि बंदूक भरण्यास वेळ लागत असल्याने एका पाळीत एकच गोळी सुटते. योद्धा पाचव्या पातळीस पोहोचला म्हणजे त्याला एका पाळीत दोन वार करता येतात. धनुर्धारी मग दोन बाण सोडून सरासरी नऊ इजा करू शकतो आणि बंदूकवाला मात्र साडेसहावरच राहतो. नवशिक्याच्या हाती प्रबळ आणि मुरलेल्या वीराच्या हाती तोकडी, असे हे शस्त्र ठरते.

योगायोगाने म्हणा वा विचारपूर्वक म्हणा, या आकड्यांत बंदुकीच्या विजयाचे खरे कारण उमटले आहे. कसलेल्या तिरंदाजाचा बाण साध्या बंदुकीच्या गोळीहून लवकर पुन्हा सुटे. तरीही धनुष्य मागे पडले, कारण तिरंदाज घडण्यास बालपणापासूनची तालीम लागते आणि बंदूकवाला काही आठवड्यांच्या कवायतीत उभा राहतो. बंदुकीने वीराला अधिक मोठा वीर केले नाही. तिने सामान्य शेतकऱ्याला, कोळ्याला, पोटार्थी शिपायाला रणांगणात वीराच्या समोर उभे केले. ज्या सूत्रधाराला बंदूक आणायची असेल त्याने हे सत्य प्रथम ध्यानी घ्यावे. सर्वगुणसंपन्न नायकाच्या हाती दिलेली बंदूक हा नुसता अलंकार होय. गावच्या पाटलाने पाठवलेल्या, हात थरथरणाऱ्या वीस पोरांच्या हाती दिलेली बंदूक ही त्या राज्यातील सत्तेचा पाया हलवणारी घटना होय.

आता ही तोड्याची बंदूक भरण्याची रीत एकवार जवळून पाहू, कारण खेळाचे नियम तीतूनच निघाले पाहिजेत. शिपाई बंदूक उभी धरतो, शिंगातली दारू मापून नळीत ओततो, वर शिशाची गोळी आणि चिंधीचा बोळा घालतो आणि गजाने ठोसून सारे तळाशी बसवतो. मग नळीच्या बुडाशी असलेल्या कानाजवळच्या वाटीत बारीक दारूचे रंजक घालतो, वाटी झाकतो, हाताच्या बोटांत धुमसत ठेवलेला सोऱ्यात भिजवलेला तोडा फुंकून त्याचा निखारा जागा करतो, तो चापाच्या चिमट्यात अडकवतो, झाकण सारतो, नेम धरतो आणि चाप ओढतो. निखारा रंजकावर पडतो, भडका उडतो, कानातून आग आत शिरते आणि मग बार होतो. हे सारे होईपर्यंत तोड्याचा निखारा आणि शिंगातली दारू ही दोन परस्परांची वैरी असलेली द्रव्ये एकाच माणसाच्या दोन हातांत असतात. रंजक नुसतेच पेटले आणि आतली दारू पेटली नाही, तोडा विझला, वाऱ्याने रंजक उडाले, शेजाऱ्याच्या तोड्याची ठिणगी आपल्या शिंगावर पडली, असे प्रत्येक पायरीवर एकेक विघ्न दबा धरून बसलेले असते.

यातून सूत्रधाराला नियम आपोआप सुचावेत. बंदूक भरण्यास दोन पाळ्या लागाव्यात. मात्र जवळ साथीदार असून तो भरलेली दुसरी बंदूक पुढे करीत असेल, तर एक पाळी वाचावी. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर बार फुकट जावा; हवा दमट असेल तर एकपासून चारपर्यंत कोणताही आकडा अपशकुनी समजावा. कोरड्या हवेत पाच बारांपैकी निदान एक तरी फसण्याचा संभव यामुळे शेकडा सुमारे २३ राहतो, दमट हवेत तोच शेकडा ६७ वर जातो. म्हणजे एवढ्याशा बदलाने खेळाडू आकाशाकडे पाहून मसलत करू लागतात. रात्रीच्या छाप्यात पेटता तोडा दुरून दिसतो आणि त्याचा वासही येतो. तेव्हा बंदूकवाल्याने तोडा झाकून चोरासंगे पुढे जावे की मागे राहून तो धुमसत ठेवावा, याचा निर्णय त्यालाच करू द्यावा. आणि बार झाला की सारा मुलूख जागा होतो, हे तर सांगायलाच नको.

दमट हवेचा मुद्दा कोकणात विशेष महत्त्वाचा. दारूतील सोरा, म्हणजे तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, पाण्यात सहज विरघळणारा. आणि येथे वर्षातून चार महिने आभाळ फुटलेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्या राजनीतिपर ग्रंथात, गडावरील दारूखान्याविषयी जी ताकीद आहे ती या दृष्टीने मननीय आहे. दारूचे कोठार वस्तीच्या घरांना लागून नसावे, आग आणि ओल या दोहोंपासून ते राखावे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू, बाण इत्यादी जिन्नस बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. राज्य रक्षण करणाऱ्या अमात्याला दारू वाळत घालण्याच्या तपशिलात शिरावेसे वाटले, यावरून या शस्त्राचे खरे मर्म काय होते ते कळते. खेळातही बंदुकीच्या किमतीपेक्षा दारूचा हिशेब अधिक मोलाचा मानावा. ती कोठे मिळते, कोण बनवतो, तिच्यावर कोणाची मोहोर आहे आणि ती सुकवण्यास ऊन कधी पडणार, या चार प्रश्नांतून चार रात्रींच्या खेळाला पुरेल इतके कथानक निघेल.

वसईच्या वेढ्यात हे सारे एकवटलेले दिसते. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी साष्टीची मोहीम उघडली, ठाणे घेतले, अर्नाळा घेतला. परंतु वसई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली आणि उत्तरेकडूनच काय ती जमिनीने जोडलेली असल्याने ती दोन वर्षे दाद देईना. १७३९ च्या आरंभी अप्पांनी निकराचा वेढा घातला. बंदुका आणि तोफा दोन्हीकडे होत्या; निर्णय मात्र लागला तो जमिनीखालच्या दारूने. उत्तरेकडील सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग खणले गेले, आणि मे महिन्यात, पाऊस जवळ येत असता, त्यांना बत्ती देण्यात आली. काही सुरुंग ठरल्या वेळी उडून तटास खिंडार पडले. परंतु काही मागाहून उडाले आणि खिंडाराकडे धावलेले आपलेच लोक त्यांत सापडले. तरीही हल्ले थांबले नाहीत. किल्ला येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून निदान माझे मस्तक तरी आत टाका, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका याच दिवसांतली. मेच्या मध्यास पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला आणि सन्मानाने किल्ला सोडला. त्यांच्या बाजूचीही हकिकत तितकीच बोलकी आहे. शिबंदीच्या खर्चासाठी त्यांना मुंबईकर इंग्रजांकडून कर्ज काढावे लागले आणि त्यासाठी चर्चमधील चांदी व पितळी तोफा तारण द्याव्या लागल्या. तोफ गहाण टाकून तोफ चालवणाऱ्याचा पगार भागवावा लागणे, याहून अधिक कठीण पेच कोणता सूत्रधार आपल्या खेळाडूंपुढे टाकू शकेल?

मग या मुलखातून घेतलेली बंदूकधारी पात्रे कोणती असावीत? पहिला अर्थात गारदी, कवायत शिकलेला पगारी पायदळ शिपाई, ज्याची निष्ठा धन्यापेक्षा तुकडीशी आणि तुकडीइतकीच वेळेवर मिळणाऱ्या पगाराशी बांधलेली. दुसरा गोलंदाज, जो अंतर आणि उंची नजरेने मोजतो, आणि ज्याच्या हाती तोफ असली तरी ती ओढणारे बैल व रस्ता करणारे बेलदार यांच्यावाचून ज्याचे पाऊल हलत नाही. तिसरा सुरुंग लावणारा, अंधारात जमिनीला कान लावून शत्रूच्या कुदळीचा आवाज ऐकणारा. अद्भुताच्या जगात तर भूमिगत राक्षसांशी त्याचीच प्रथम गाठ पडेल. चौथा गलबतावर जंबुरा, म्हणजे छोटी तोफ, चालवणारा दर्यावर्दी, वारा आणि भरतीओहोटी यांचा जाणता. या चौघांच्या बाबतीत एकच प्रश्न आरंभी विचारावा: हत्यार त्याचे स्वतःचे की सरकारी? मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचे घोडे बाळगणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा बारगीर यांच्या दर्जात जे अंतर होते, तेच अंतर बंदुकीच्या बाबतीतही खेळात आणावे. स्वतःची बंदूक असलेल्यास स्वातंत्र्य आहे, पण दारूचा खर्च त्याच्या माथी. सरकारी बंदूकवाल्यास दारू फुकट, पण गेलेल्या प्रत्येक गोळीचा जाब दप्तरी द्यावा लागणार.

गारदी पात्राबरोबर आणखी एक नाट्य खेळात येते, आणि ते पानिपताने आपल्याला कायमचे शिकवले आहे. इब्राहिमखान गारद्याचे शिस्तबद्ध पायदळ आणि तोफखाना यांच्या भरवशावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी आपली व्यूहरचना ठरवली. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा जीव मात्र गनिमी काव्यात आणि घोड्याच्या वेगात होता. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी गारद्यांनी आपल्या समोरील रोहिल्यांना जबर मार दिला. पण एकाच सैन्यात सावकाश चालणारा तोफखाना आणि भरधाव धावणारे घोडदळ यांचे एकमत होणे किती अवघड, हे त्या दिवसाच्या अखेरीस स्पष्ट झाले. पाचसहा वीरांच्या टोळीतही हाच विरोध उभा राहतो. बंदूकवाला म्हणतो थांबा, मोर्चा बांधा, हवा कोरडी होऊ द्या. स्वार म्हणतो आत्ता निघा. या दोघांत समेट घडवण्यासाठी जी मसलत मेजाभोवती होते, ती कोणत्याही फाशाच्या आकड्याहून अधिक रंजक असते.

मंत्र आणि बंदूक यांचे नातेही असेच विचाराने बांधावे. मांत्रिकाने पाऊस पाडला तर तोडे विझतील. अग्निगोल टाकला तर दारूचे पिंप उडेल, आणि ते कोणाच्या बाजूचे उडेल याचा नेम नाही. पाथफाइंडरच्या कर्त्यांनी त्यांच्या कल्पित जगात अल्केनस्टार नावाचे एक नगर वसवले आहे, जेथील प्रदेशात जादू भरवशाने चालत नाही आणि म्हणूनच बंदुकीचे कारखाने तेथे फोफावले. ही कल्पना फार समर्पक आहे, कारण तीत शस्त्राला कारण लाभले आहे. आपल्या सूत्रधारानेही आपल्या राज्यात बंदूक का आली, याचे एक कारण द्यावे. जेथे मांत्रिक थोडे आणि महाग, आणि किनारा राखायचा लांब, तेथे राजा बंदुकीकडे वळणारच.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वसईच्या परिसरात या युद्धातील दोन्ही बाजूंच्या स्मृती जपणारी माणसे आज शेजारीशेजारी राहतात; येथील ख्रिस्ती समाज मराठी बोलतो, मराठीत लिहितो आणि या भूमीला आपली म्हणतो. म्हणून तुळिंजच्या मेजावर या इतिहासाचा आधार घेताना कोणत्याही धर्माच्या वा देशाच्या लोकांना राक्षस करू नये. अद्भुताचा उपयोगच मुळी येथे आहे. राज्यांची नावे कल्पित ठेवावीत, तटाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे भुकेलेली, भ्यालेली आणि शूर माणसे असावीत, आणि खेळाडूंना कधी वेढा घालणाऱ्यांच्या, तर कधी वेढ्यात सापडलेल्यांच्या बाजूने बसवावे. तटाच्या आतून ऐकलेला सुरुंगाचा आवाज बाहेरून ऐकलेल्या आवाजाहून फार वेगळा असतो, हे तेव्हाच त्यांच्या ध्यानी येईल.

तेव्हा बंदुकीला प्रवेश द्यावा काय, या प्रश्नास माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. परंतु तिच्या सरंजामासह. ज्या सूत्रधाराजवळ वेळ थोडा असेल त्याने तीनच गोष्टी कराव्यात. प्रत्येक बंदूकवाल्याच्या कागदावर त्याच्याजवळ किती बारांची दारू आहे तो आकडा लिहून ठेवावा आणि दर बारागणिक तो कमी करावा. प्रत्येक दिवसाच्या आरंभी त्या दिवसाचे हवामान सांगावे. आणि ही दारू पुरवणाऱ्या माणसाला एक नाव, एक घर आणि एक अडचण द्यावी. इजेचे आकडे कोणत्याही पुस्तकातून घेतले तरी चालतील. या तीन गोष्टी सांभाळल्या, की बंदूक चालवणारे पात्र आपल्या टोळीत एकटे उरत नाही. त्याच्यामागे सोरा उकळणारा, शिसे ओतणारा आणि कोठारावर मोहोर करणारा असा सारा मुलूख खेळात चालत येतो, आणि त्या मुलखाची काळजी घेणे हेच मग वीरांचे काम होऊन बसते.